रुग्णाला इन्सुलिन घ्यायला कसं शिकवावं?

जीएनएमच्या (नर्सिंगच्या डिप्लोमाच्या) दुसऱ्या वर्षाला आहेस, औषध देण्याचे पाच 'राइट्स' (योग्य रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग, वेळ) तोंडपाठ आहेत, पण डिस्चार्जच्या वेळी रुग्णाला इन्सुलिन शिकवताना गडबडायला होतं, असं तू लिहिलं आहेस. साहजिक आहे. वॉर्डात सुई आपल्या हातात असते, घरी ती त्यांच्या हातात जाते.

मी सुरुवात सुईपासून करत नाही, बाटली आणि सिरिंजच्या जोडीपासून करते. त्याला कारण एक आजोबा. सकाळी २० युनिट लिहून दिलेले. आठ दिवसांत परत आले, शुगर साडेतीनशेच्या वर. सून म्हणाली, "सिस्टर, एक दिवस चुकवलं नाही हो." औषधाची पिशवी मागवली, तर सिरिंजची टोपी नारिंगी! आपल्याकडची बाटली बहुतेक ४० ची असते, म्हणजे १ मिलीत ४० युनिट, आणि तिची सिरिंज लाल टोपीची. नारिंगी टोपीची सिरिंज १०० च्या इन्सुलिनसाठी. तिच्यात २० च्या रेघेपर्यंत भरलं की ०.२ मिली येतं, म्हणजे आजोबांच्या पोटात रोज जेमतेम ८ युनिट जात होते. दुकानदाराला काय बोलणार? आम्हीच डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'इन्सुलिन सिरिंज' लिहिलं होतं.

उलटं झालं तर जिवावर बेततं. इन्सुलिन पेनच्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे आतल्या औषधाच्या नळीत, बहुतेक १०० चं इन्सुलिन असतं. पेन बिघडलं म्हणून कुणी त्यातून लाल टोपीच्या सिरिंजने '२०' ओढले, तर ५० युनिट जातात. म्हणून कार्डावर बाटलीचा आकडा आणि टोपीचा रंग, दोन्ही लिही. आणि 'युनिट' हा शब्द पूर्ण लिही. नुसतं इंग्रजी यू लिहिलं की घाईत ते शून्य वाचलं जातं, १० चे १०० होतात.

दुसरं म्हणजे "समजलं ना?" असं विचारू नकोस. आपली माणसं सिस्टरला "हो" म्हणतात, विषय संपतो. "काकू, आता तुम्ही भरून दाखवा, मी बघते" असं म्हण. खरं काय ते तेव्हा कळतं. एकदा एका काकूंना रेघाच दिसत नव्हत्या, चष्मा घरी राहिला होता! मग शेजारी बसलेल्या नातवाला शिकवलं. जो घरी खरोखर इंजेक्शन देणार, त्याच्याकडून करून घ्यायचं.

दुधाळ इन्सुलिन असेल तर बाटली हातांच्या तळव्यांत हलकेच फिरवायची, खळखळ हलवायची नाही. जागा रोज थोडी बदलायची, नाहीतर गाठी होतात आणि तिथून औषध नीट शोषलं जात नाही. न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही, गोठलेली फेकायची. उघडलेली साधारण चार आठवडे चालते, उघडल्याची तारीख तिच्यावरच लिहायला लाव. फ्रीज नसलेल्या घरी मी मातीच्या भांड्याचा उपाय सांगते: भांड्यात पाणी, त्यात बंद डबा, डब्यात बाटली.

शुगर उतरल्याची लक्षणं मात्र घरच्या सगळ्यांना सांग: घाम, थरथर, धडधड, विचित्र बोलणं. शुगर ७० च्या खाली असेल, किंवा मोजायची सोय नसेल आणि ही लक्षणं दिसली, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, १५ मिनिटांनी परत बघायचं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना.

आणि उपवासाचं तूच विचार, ते आपणहून सांगत नाहीत. एकादशीला सकाळी सुई टोचायची आणि दुपारपर्यंत नुसता चहा, असं सर्रास चालतं. गुरुवार, चतुर्थी, नवरात्र, काय काय करतात ते विचारून घे, आणि त्या दिवसांचा डोस डॉक्टरांकडून डिस्चार्जच्या आधीच कार्डावर लिहून घे.