जावा २५०ला रोडकिंगचा सायलेन्सर: बसेल, पण जोडीनेच

तुमचा प्रश्न असा आहे: १९६९ची जावा २५०, डावा सायलेन्सर खालून गंजून गळलाय, उजवा अजून धड आहे. घरात येझदी रोडकिंगच्या सायलेन्सरची जोडी पडून आहे. त्यातला डावा काढून जावाला लावला तर चालेल का?

एकटा डावा लावू नका. लावायचेच असतील तर दोन्ही लावा, आणि तेही फक्त सायलेन्सर. ब्लॉकपासून निघणारे बेंड पाइप जावाचेच राहू द्या. ब्रॅकेटचे भोक जुळले की काम झाले असे बरेच मेकॅनिक मानतात. फोर-स्ट्रोक गाडीत ते एकवेळ खपून जाते, टू-स्ट्रोकमध्ये नाही. तिथे एक्झॉस्ट हा इंजिनाचाच भाग असतो.

जावासारख्या टू-स्ट्रोकमध्ये एक्झॉस्टला व्हॉल्व्ह नसतो. पिस्टन खाली आला की सिलिंडरच्या भिंतीतले एक्झॉस्टचे तोंड उघडते, जळलेला गॅस बाहेर पडू लागतो, आणि ते तोंड उघडे असतानाच ट्रान्सफर पोर्टमधून, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या दुसऱ्या तोंडातून, पेट्रोल-हवेचे ताजे मिश्रण आत येते. म्हणजे ताजा माल मागच्या उघड्या दारातून निघून जायची पूर्ण सोय! तो अडवायचे काम बरेचसे पाइपमधली दाबाची लाट करते. गॅस सुटला की ही लाट पाइपातून पुढे जाते. पाइप जिथे रुंदावतो तिथून ती ओढ बनून परतते, जिथे अरुंद होतो तिथून दाब बनून परतते. ओढ आधी यावी म्हणजे सिलिंडर रिकामा होतो. दाब तोंड बंद होण्याच्या जरा आधी यावा म्हणजे ताजे मिश्रण परत आत ढकलले जाते.

आता आकडे बघा. मिनिटाला ४,५०० फेऱ्यांवर क्रँकच्या एका फेरीला सुमारे १३.३ मिलिसेकंद लागतात. एक्झॉस्टचे तोंड साधारण १४० अंश उघडे राहते असे धरले, तर हातात असतात ५ मिलिसेकंद. गरम गॅसमध्ये लाटेचा वेग सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास धरा. एवढ्या वेळात लाट जाऊन-येऊन अडीच मीटर कापते, म्हणजे एका बाजूने सव्वा मीटर. लाट जिथून उलटते ती जागा १० सेंटीमीटर पुढे सरकली तर परतायला ०.४ मिलिसेकंद उशीर होतो. क्रँकच्या हिशेबाने तो जवळजवळ ११ अंशांचा फरक झाला. जावाचा सायलेन्सर काही रेसच्या गाडीचा एक्स्पान्शन चेंबर (खास या लाटांसाठी आकार दिलेला फुगीर पाइप) नाही, त्यामुळे त्यात हा परिणाम बराच सौम्य असतो. पण नसतो असे नाही. चढावर टॉप गिअरमध्ये गाडी दम टाकते त्यात अशा फरकाचाही वाटा असू शकतो.

जावाचे वेगळेपण असे की सिलिंडर एक आणि एक्झॉस्टची तोंडे दोन. दोन्ही पाइप एकाच धमाक्याचा गॅस वाटून घेतात. एका बाजूला मूळ सायलेन्सर आणि दुसऱ्या बाजूला वेगळ्या लांबीचा, वेगळ्या बॅफलचा (आवाज दाबणाऱ्या आतल्या भोकांच्या नळीचा) सायलेन्सर आला की गॅस सोप्या वाटेने जास्त जातो, आणि दोन्हीकडच्या लाटा वेगवेगळ्या वेळी परततात. एकीची मदत दुसरी खाऊन टाकते. दोन बाजूंच्या आवाजाचा पोत वेगळा होतो तो वेगळाच. प्लग एकच असल्यामुळे त्याच्या रंगावरून कोणती बाजू तुंबली हे कळत नाही. गाडी गरम झाल्यावर आयडलवर ठेवून दोन्ही शेपटांमागे थोड्या अंतरावर हात धरा. झोत आणि धूर सारखाच हवा.

रोडकिंगबद्दल एक लक्षात घ्या. ती १९७८ साली आली. इंजिन २५०चेच, पण ताकद १६ हॉर्सपॉवर. तुमची जावा १२ची. कारखाना एकच, म्हैसूरचा आयडियल जावा, पण हे दोन्ही सायलेन्सर एकाच इंजिनासाठी बनलेले नाहीत. १९७३च्या आसपास टाकीवरचे जावा नाव जाऊन येझदी आले, त्या सुरुवातीच्या क्लासिक घाटाच्या येझदीचे सामान तुमच्या गाडीला जास्त जवळचे आहे. अदलाबदलीसाठी शोधायचेच असेल तर मी आधी तिकडे शोधेन.

बेंड पाइप मात्र अजिबात बदलू नका. बेंड ब्लॉकला गोल खाचांच्या नटाने धरलेला असतो. पाइपची कॉलर, त्यातले पॅकिंग आणि नटाचे आटे तिन्ही एकमेकांना जुळले तरच ती जागा हवाबंद होते. दुसऱ्या मॉडेलचा बेंड अर्धा अंश जरी तिरका आला, तरी लोक नट आवळून तो ओढून बसवतात. मग पहिल्या काही आट्यांवर सगळा ताण येतो, गाडी तापते-निवते, नट सैल होतो, आणि एक दिवस ब्लॉकचे आटेच निघून येतात. सायलेन्सर बाजारात मिळतो. पन्नास वर्षांपूर्वीच्या ब्लॉकचे आटे दुरुस्त करणे फार मोठे काम आहे. हा नट हुक पान्यानेच (खाचेत अडकणाऱ्या आकड्याच्या पान्याने) फिरवा, छन्नी-हातोडीने नाही. आधी हाताने पूर्ण चढवा. अडकला तर सोडून पुन्हा धरा. क्लॅम्प आणि मागचा बोल्ट तोपर्यंत ढिलाच हवा. सगळे आपापल्या जागी विनाताण बसल्यावर आधी नट, मग क्लॅम्प, शेवटी फुटरेस्टजवळचा तो मागचा बोल्ट असा क्रम ठेवा. पहिली फेरी मारून आल्यावर नट पुन्हा तपासा.

सायलेन्सर लावण्यापूर्वी कॅलिपरने बेंडच्या टोकाचा बाहेरचा व्यास आणि सायलेन्सरच्या तोंडाचा आतला व्यास मोजा. टेपने काम भागणार नाही. थोडा फरक पातळ पत्र्याच्या बुशने भरता येतो. पण तोंड लहान असेल तर ते ठोकून फाकवू नका, क्रोम तडकतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. सायलेन्सरच्या तोंडापासून ब्रॅकेटच्या भोकापर्यंतचे अंतरही घ्या. ते जुळत नसेल तर जोडपट्टी बनवा, सायलेन्सर ओढू नका. मधल्या स्टँडला आणि ब्रेकच्या पेडलला तो कुठे घासतो का, हे गाडीवर माणूस बसवून बघा.

बॅफल काढून गाडी चालवायचा मोह अनेकांना होतो. आवाज मोठा होतो, ताकद वाढल्यासारखी वाटते, प्रत्यक्षात खालची ओढ जाते आणि मिश्रण बिघडते. रोडकिंगच्या जोडीतले बॅफल बाहेर काढून बघा, वर्षानुवर्षांच्या तेलाची काजळी भोकांत दगडासारखी बसलेली असेल. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवले की सुटते. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर ओतायचे नाही. हातमोजे आणि चष्मा घाला, मोकळ्या जागी करा. ॲल्युमिनिअमचा कोणताही भाग त्यात बुडवू नका, तो खाल्ला जातो आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. बर्नरने जाळून साफ करायला गेलात तर बाहेरचा क्रोम निळा पडेल.

जोडी बसल्यावर प्लग वाचल्याशिवाय लांब जाऊ नका. मोकळ्या रस्त्यावर तीन चतुर्थांश थ्रॉटलवर थोडा वेळ चालवा, मग क्लच दाबून त्याच क्षणी इग्निशन बंद करा आणि प्लग काढा. तपकिरी असेल तर ठीक. पांढरा पडला असेल तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतेय; मेन जेट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोल सोडणारी मुख्य नळी) एक पायरी मोठा घ्या. टू-स्ट्रोकमध्ये पातळ मिश्रण म्हणजे पिस्टन जाम व्हायची वाट. काळा, ओला असेल तर आधी बॅफल तपासा, जेटला नंतर हात लावा.

गाडी ५० वर्षांहून जुनी आहे, म्हणजे २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणीला पात्र ठरू शकते. त्यासाठी ती मूळ स्वरूपात असावी लागते. चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल केलेला चालत नाही. सायलेन्सर बोल्टने लागतो-निघतो, तरी तपासणीला गाडी मूळ जोडीवरच न्यावी असे माझे मत. व्हिंटेज नोंदणीनंतर गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही, हेही आधीच ठरवून घ्या. २०१८च्या नव्या जावाचे सायलेन्सर लावायचे कुणी सुचवले तर तो विषय तिथेच सोडा. तिलाही दोन सायलेन्सर आहेत, पण ते २९३ सीसीचे पाण्याने थंड होणारे फोर-स्ट्रोक इंजिन आहे.

खरे तर तुमचा जुना डावा सायलेन्सर मी टाकून देणार नाही. हे सायलेन्सर आतून गंजतात, कारण छोट्या फेऱ्यांत ते पुरते तापत नाहीत आणि जळणातून तयार झालेले पाणी तळाशी साचते. गळती फक्त तळाला असेल तर कुजलेला पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करता येतो, मग घासून दोन्ही एकत्र क्रोमला द्यायचे. तोपर्यंत रोडकिंगची जोडी वापरा. बॅफल काढल्यावर आतल्या नळीचा फोटो, बेंडच्या टोकाचा व्यास आणि ब्रॅकेटच्या भोकाचे अंतर एवढे इथे टाका, बुश आणि जोडपट्टी किती मापाची लागेल ते सांगतो.