पांढऱ्यावरची सावली

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

फ्रेंच चित्रकार मोनेच्या ‘मॅगपाय’ या चित्राची प्रतिकृती करायचं ठरवलंस, छान. मूळ चित्र 89 × 130 सें.मी.चं, पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. तू ए-थ्री कागद घेणार असशील, तर उंचीतून जेमतेम एक सेंटीमीटर पट्टी सोड, म्हणजे प्रमाण जुळेल.

हे चित्र 1868-69च्या हिवाळ्यातलं, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरच्या एत्रेताजवळचं. तिथले पांढरे कडे मोनेने पुढे कितीदा तरी रंगवले, पण इथे समुद्राचा मागमूस नाही. बर्फ, काटक्यांचं कुंपण, डावीकडे फाटक आणि फाटकावर पक्षी. 1869च्या सलोंने, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत चित्रप्रदर्शनाने, ते नाकारलं. (मॅगपाय म्हणजे आपला दयाळ नव्हे. तो कावळ्याच्या कुळातला, टकाचोराचा भाऊबंद.)

सगळी मेख सावलीत आहे. सूर्य कुंपणापलीकडे, खाली उतरलेला, म्हणून कुंपणाची सावली आपल्या दिशेने येते. तिथे ऊन पोचत नाही, पोचतो तो फक्त आकाशाचा उजेड, म्हणून ती निळसर-जांभळी. चित्रातलं आकाश तर फिकट आहे, मग निळा आला कुठून, असं वाटेल. निळं आकाश डोक्यावर आणि पाठीमागे, चौकटीबाहेर आहे.

तैलरंगात सावलीसाठी पांढऱ्यात कोबाल्ट ब्लू आणि अलिझरिन या गडद लाल रंगाचा अगदी कण घाल. अलिझरिन जास्त झालं की बर्फाचं सरबत होतं. काळा घातलास तर बर्फ राखेसारखा दिसेल. उन्हातल्या बर्फातही नुसता ट्यूबमधला पांढरा नको, किंचित यलो ऑकर मिसळ. निव्वळ पांढरा सुरुवातीलाच वापरला, तर पुढे सर्वांत उजळ जागेसाठी हाताशी काही उरत नाही. सावली डोळ्यांना वाटते त्याहून उजळ असते. डोळे अर्धवट मिटून तिची शेजारच्या काटक्यांशी तुलना कर.

आधी सराव हवा असेल तर स्वच्छ आकाशाच्या सकाळी, आठच्या सुमारास, गच्चीवर पांढरी चादर अंथर. सूर्याकडे तोंड करून बस आणि मध्ये वेताची टोपली ठेव. ढगाळ दिवशी हा खटाटोप फुकट. जवळ विटकरी भिंत किंवा लाल प्लॅस्टिक असेल तर त्याचा रंग सावलीत उतरेल आणि निळा दिसणारच नाही. अर्ध्या तासात सावल्या सरकतात, म्हणून त्यांच्या कडा आधी आखून घे.

पक्षी सगळ्यात शेवटी. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) मिसळून त्याचा काळा कर. बर्फावर पडलेली त्याची सावली विसरू नकोस, पण ती पक्ष्याइतकी गडद नको.