यंदाचा उन्हाळा फार विचित्र वाटतोय. एका आठवड्यात होरपळ, पुढच्यात धो धो पाऊस. ऋतू खरंच बदलताहेत की मला उगाच धास्ती वाटतेय?

उगाच नाही. गेली काही वर्षं मलाही हेच वाटत आलंय. फक्त धास्ती नेमकी कशाची, ते जरा सुटं करून सांगतो.

ऋतू होतात ते पृथ्वीच्या कललेल्या आसामुळे. हा कल साधारण साडेतेवीस अंशांचा, आणि आपल्या हयातीत तो जागचा हलत नाही. दिवस मोठा होणं, सूर्य वर चढणं, सगळं ठरल्या वेळीच चाललंय.

एखादा उन्हाळा भलताच निघणं हेही जुनंच. १८१५ साली इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्याच्या गंधकाचं पटल वर आकाशात पसरलं आणि १८१६ मध्ये अमेरिकेच्या ईशान्य भागात ऐन जूनमध्ये बर्फ पडलं. म्हणून एका वर्षावरून मी काही ठरवत नाही.

मला घोर लागतो तो सगळी पातळीच वर सरकल्याचा. २०२४ साली जगाचं सरासरी तापमान औद्योगिक काळाच्या आधीपेक्षा सुमारे दीड अंशाने जास्त होतं. दीड अंश ऐकायला किरकोळ वाटतो. पण कॅनडाचा १९३७ पासूनचा उच्चांक होता ४५ अंश. जून २०२१ मध्ये लिटन नावाच्या छोट्या गावात तो तीन दिवस रोज मोडत गेला आणि ४९.६ वर पोचला. दुसऱ्या दिवशी वणव्यात बहुतेक गाव जळून गेलं. एरवी असे उच्चांक अर्ध्यापाव अंशाने मोडतात हो!

होरपळ आणि धो धो पाऊस यांचा मेळ तुम्हाला लागत नाहीये, पण दोन्हीचं मूळ एकच. हवा एका अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त वाफ धरू शकते. ही तहानलेली हवा मातीतली ओल ओढून घेते. ओल संपली की उन्हाचा जोर पाणी सुकवण्यात खर्ची पडत नाही, तो सगळा हवा तापवण्यात जातो. आणि दुसरीकडे साठलेली वाफ कोसळते तेव्हा एकदमच कोसळते.

तुम्ही रात्रींबद्दल विचारलं नाहीत, पण मी आता त्यांच्याकडेच जास्त बघतो. खिडकीबाहेर सावलीत तापमापक टांगलाय, रोज पहाटे पाचला पारा बघून वहीत आकडा टिपतो. दुपार कितीही तापो, पहाटे पारा नीट उतरला की शरीराला उसंत मिळते. तो उतरत नाही तेव्हा थकवा दिवसागणिक साठत जातो. २००३ मध्ये युरोपात उष्णतेच्या लाटेने हजारो माणसं दगावली, त्यात म्हातारी आणि एकटी राहणारी फार होती. तुमच्या ओळखीत असं कोणी असेल तर लागोपाठ दोन-तीन रात्री उकाड्याच्या गेल्यावर सकाळी जाऊन दार वाजवा, फोनवर भागवू नका.