“ताई, आमचा डीएनएच खराब, मग गोळी कशाला?”

फाइल काढायच्या आधी त्यांनी टेबलावर एक डबा ठेवला. पांढरा, प्लॅस्टिकचा, वर डीएनएची सोनेरी पिळाची शिडी छापलेली. आत डीएनए दुरुस्त करते म्हणून विकलेली पावडर, महिन्याचा डोस २,८०० रुपये.

वय ५३, एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. अँजिओग्राफीत हृदयाच्या पुढच्या मोठ्या धमनीत ५० टक्के ब्लॉक निघाला होता. स्टेंटची गरज नव्हती; ॲस्पिरिन आणि रोसुव्हास्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन गोळी, रोज घ्यायला सांगितलं होतं. त्यातली स्टॅटिन सहा आठवड्यांपासून परस्पर बंद.

“वडील अटॅकनं गेले, थोरल्या भावाचं बायपास झालं. मूळच किडलंय. ते दुरुस्त केल्याशिवाय गोळी काय करणार?”

हल्ली हे वरचेवर ऐकते. त्यात थोडं तथ्य आहे, म्हणून नुसतं उडवून लावता येत नाही.

वडिलांकडून आलेली प्रवृत्ती पावडरीनं बदलत नाही. पण धमनीच्या भिंतीतल्या पेशींच्या डीएनएला रोज मार बसतो, तो वेगळा. बिडीचा धूर हे त्याचं एक मोठं कारण. हा मार दुरुस्त करणारी यंत्रणा पेशीतच असते; ती उलगडणाऱ्या तिघांना २०१५चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मार दुरुस्तीच्या पुढे गेला की पेशी म्हातारी होते, तिचं विभाजन थांबतं.

“म्हणजे पाइपात गंज धरतो तसं. खरवडून काढायचा.”

सगळ्यांच्या डोक्यात हाच पाइप असतो. ब्लॉक आतून चिकटलेला नसतो, तो भिंतीच्या पोटात असतो, हे मी कागदावर काढून दाखवलं. मधे चरबीचा मऊ गाभा, त्यावर तंतूंचं आवरण.

इतका वेळ गप्प असलेल्या वहिनी, त्यांच्या पत्नी, म्हणाल्या, “पुरणपोळीच की. पारी पातळ झाली की पुरण तव्यावर.”

याहून नेमकं मला सांगता आलं नसतं. आवरण फाटलं की आतला ऐवज रक्ताला लागतो, गुठळी होते आणि अटॅक येतो. हे आवरण विणतात त्या स्नायुपेशी. त्याच म्हाताऱ्या झाल्या की पारी पातळ.

स्टॅटिननं या पेशींमधली डीएनएची दुरुस्ती लवकर होते, असं केंब्रिजच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं. ते प्रयोगशाळेतलं काम, हेही मी त्यांना सांगितलं. गोळी द्यायची ती त्यासाठी नाही. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उतरलं की गाभा आक्रसतो, आवरण जाड होतं आणि अटॅक कमी होतात. हे हजारो माणसांवर तपासलेलं आहे.

“मग ब्लॉक किती कमी होईल?”

खरा आकडा सांगितला. २००६च्या एका अभ्यासात रोसुव्हास्टॅटिनचा ४० मिलिग्रॅमचा डोस दोन वर्षं दिला, तेव्हा धमनीतला चरबीचा वाटा सरासरी जेमतेम एक टक्क्यानं उतरला.

“एकच?” चेहरा पडला.

वहिनी त्यांच्याकडे वळल्या. “अहो, पुरण कमी नाही झालं तरी चालेल. पारी फाटू नये एवढंच बघायचंय.”

मग मीही जास्त बोलले नाही. गोळी परत कशी सुरू करायची ते विचारायला त्यांना त्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. छातीत दाब, घाम, डाव्या हातात कळ असं काही झालं तर सकाळची वाट बघायची नाही, हे दोघांकडून म्हणवून घेतलं.

तीन महिन्यांनी आले. एलडीएल १३८ वरून ६१. बिडी सुटली म्हणाले, पण शर्टाच्या खिशातून तंबाखूच्या पुडीचं टोक दिसत होतं. माझी नजर गेलेली पाहून त्यांनी खिशावर हात ठेवला.

“आणि तो डबा?”

“दुकानदार परत घेईना,” वहिनी म्हणाल्या. “पावडर ओतून टाकली. मेथीदाणे भरलेत त्यात.”