घड्याळाला जाग दिसत नाही

ताई, तुम्ही विचारलंय की पॉट्सचं (उभं राहिलं की नाडी फार वाढते, त्या विकाराचं) निदान झालंय, घड्याळ रोज साडेसात तास झोप दाखवतं, पण सकाळी अंग उचलत नाही, मग विश्वास कशावर ठेवायचा? स्वतःवर ठेवा. मी सहा वर्षं हाच आजार घेऊन जगतेय.

मनगटावरचं यंत्र झोप थेट मोजत नाही. ते हालचाल टिपतं आणि हिरव्या प्रकाशाने नाडी बघतं. न हलता पडून राहिलं की बऱ्याचदा त्याच्या लेखी ती झोप. आणि आपण रात्री दोन वाजता काय करतो? उठून बसलं तर छाती धडधडेल, चक्कर येईल म्हणून टक्क जागे असूनही निपचित पडून राहतो. त्यातली बरीचशी जाग घड्याळ झोपेच्या खात्यात जमा करतं. माझ्या घड्याळात सात तास होते, तेव्हा माझ्या वहीत जेमतेम साडेचार.

'गाढ झोप', 'आरईएम' (स्वप्नांची झोप) या आकड्यांकडे तर मी बघतच नाही. तो अंदाज मुख्यतः हालचाल आणि नाडीच्या चढउतारावरून बांधतात, आणि आपला बिघाड नेमका नाडीच्या नियंत्रणात. त्यात प्रोप्रानोलॉल किंवा आयव्हाब्रॅडिन ही नाडी मंदावणारी औषधं चालू असतील तर नाडी आणखीच वेगळी वागते. झोपेचे टप्पे खऱ्या अर्थाने कळतात ते डोक्याला तारा लावून केलेल्या स्लीप स्टडीतच. घोरणं असेल किंवा झोपेत श्वास अडकत असेल तर ती तपासणी टाळू नका. घड्याळातल्या ऑक्सिजनच्या आकड्यावर निश्चिंत होऊ नका.

तरी घड्याळ काढून टाकू नका. दोन आठवडे सलग घाला आणि उशाशी वही ठेवा. दिवा कधी मालवला, झोप अंदाजे कधी लागली, लघवीला किती वेळा उठलात, कोणती गोळी किती वाजता घेतली, एवढंच लिहा. रात्री घड्याळ बघत बसू नका, सकाळी आठवेल तसं लिहिलं तरी चालतं. शक्य असेल तर सकाळी आडवं असतानाची नाडी आणि उभं राहून १० मिनिटांत ती किती वाढली तेही टिपा. मोठ्यांमध्ये मिनिटाला ३० किंवा जास्त ठोक्यांची वाढ हा पॉट्सचा निकष आहे. भिंतीजवळ उभ्या राहा, घरात कुणीतरी असू द्या.

माझ्या वहीमुळेच डॉक्टरांना दिसलं की मिडोड्रिनची (रक्तदाब वाढवणाऱ्या औषधाची) दिवसातली शेवटची गोळी मी फार उशिरा घेत होते. ती झोपण्याच्या किमान ४ तास आधी हवी, कारण आडवं पडल्यावर तिच्यामुळे रक्तदाब चढू शकतो. तुम्ही कोणत्या गोळ्या घेता ते लिहिलेलं नाही. मिडोड्रिन असेल तर वेळ मनाने बदलू नका, वही घेऊन डॉक्टरांकडे जा.