नऊ वर्षांच्या लॅब्रेडॉरला कोणी घेईल का?

सासरे गेले, सासूबाई तुमच्याकडे राहायला येणार, त्यांच्या नऊ वर्षांच्या लॅबला सोसायटी नको म्हणते, आणि एवढ्या वयाचं कुत्रं कोणी घेतं का, असं तुम्ही विचारलंय.

घेतात. पण आधी सोसायटीचं बघा. ठराव करूनही सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या सूचना तशा स्पष्ट आहेत. अडचण तेवढीच असेल तर कुत्रीला सासूबाईंपासून तोडू नका.

तरीही द्यायचीच असेल, तर हाताशी दोन-तीन महिने ठेवा. मी पुण्यात रेस्क्यूची कुत्री फॉस्टर म्हणून, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत, घरी ठेवते. पिल्लू आठवड्यात जातं, म्हाताऱ्यांचं तसं नाही. रेस्क्यूवाल्यांना फोन केलात की "घेऊन जा" म्हणू नका. त्यांच्याकडे अपघाताची, पार्व्होच्या जीवघेण्या आजाराची कुत्री आधीच मावत नाहीत, आणि सोफ्यावर झोपणारी कुत्री पिंजऱ्यात खाणं सोडते. "घर मिळेपर्यंत ती आमच्याकडेच राहील, फक्त पोस्ट फिरवा" म्हणा, बघा कसा सूर बदलतो. कोणीतरी 'फार्महाऊसवर सोडा' सांगेलच. तिथे ती साखळीला बांधलेली राखणदार होते. आणि वाऱ्यावर सोडणं हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे.

रेबीजची लस, किडनी-लिव्हरची रक्ततपासणी करून कागद जवळ ठेवा. नसबंदी झाली नसेल तर डॉक्टरांशी बोला, या वयात गर्भाशयात पू होण्याची भीती असते. फोनवर कोणी पहिलाच प्रश्न "हीटवर (माजावर) येते का?" असा विचारला तर तो पिल्लं विकणारा ब्रीडर समजा आणि फोन ठेवा.

पोस्टमध्ये मात्र खरं लिहा. माझ्याकडे दहा वर्षांचा एक लॅब होता. आम्ही हौसेने लिहिलं, 'एकदम फिट!' तीन कुटुंबं आली. तो फरशीवर मागचे पाय घसरवत उठताना बघून चहा पिऊन गेली. मग दुसरी पोस्ट टाकली: 'उठायला वेळ लागतो, जिना चढत नाही, पोळ्यांच्या डब्याचं झाकण वाजलं की मात्र पळत येतो.' दोन दिवसांत तळमजल्यावर राहणाऱ्या एका निवृत्त काकूंचा फोन. म्हणाल्या, "आमच्या ह्यांनाही उठायला वेळच लागतो."

घर बघून आलो, पंधरा दिवस जमतंय का बघू असं ठरलं. त्याची गोधडी न धुता दिली, वास ओळखीचा राहावा म्हणून. तीन रात्री तो दाराशीच झोपला, जेवणाला तोंड लावलं नाही. चौथ्या दिवशी काकूंनी व्हिडिओ पाठवला. काका खुर्चीत पेपर वाचतायत आणि हा त्यांच्या चपलेवर हनुवटी टेकून घोरतोय.