जर्नलमध्ये आपल्यासारखंच नाव आलंय, आणि आपलं रजिस्ट्रेशन नाहीये

ताई, तुमचा मेसेज वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात: ताई 2018 पासून लहान मुलांचे कपडे ऑनलाइन विकतात, ब्रँडचं नाव कधी रजिस्टर केलं नाही, आणि आता एका कंपनीने जवळजवळ तेच नाव क्लास 25 मध्ये म्हणजे कपड्यांच्याच वर्गात रजिस्ट्रेशनसाठी टाकलंय, ट्रेडमार्क जर्नलमध्ये (रजिस्टर होण्याआधी नावं जिथे जाहीर करतात ते सरकारी प्रकाशन) छापूनही आलंय. खरी नावं इथे देत नाही, समजा तुमचं 'चिमणवारा' आणि त्यांचं 'चिमणवाडा'. ताईंनी कंपनीला विचारलं तर उत्तर आलं, "तुमचं रजिस्ट्रेशन आहे का? नाही ना, मग विषय संपला."

विषय अजिबात संपलेला नाही. ट्रेडमार्क कायदा 1999 च्या कलम 21 प्रमाणे विरोध कोणीही करू शकतं, त्याला स्वतःचं रजिस्ट्रेशन लागत नाही. आणि आपल्याकडे आधी वापरणाऱ्याचा हक्क रजिस्ट्रेशनपेक्षा वरचा धरतात, सुप्रीम कोर्टाने 2015 मध्ये सय्यद मोहिदीन विरुद्ध सुलोचना बाई या केसमध्ये हे अगदी स्वच्छ सांगितलंय. त्यांच्या अर्जाचा जो स्क्रीनशॉट तुम्ही पाठवलाय त्यात वापराच्या रकान्यात 'प्रपोज्ड टू बी यूज्ड' लिहिलंय, म्हणजे अर्ज करताना त्यांनी नाव वापरायला सुरुवातही केली नव्हती. हा स्क्रीनशॉट जपून ठेवा, तुमच्या केसमधला सगळ्यात गोड कागद तोच आहे.

पण आधी तारीख बघा. विरोध टाकायला जर्नल प्रसिद्ध झाल्यापासून चार महिने, बस. तुम्हाला कधी कळलं, कोणी दाखवलं, घरात आजारपण होतं, यातलं काहीही चालत नाही, मुदत वाढवून मिळत नाही. तुम्ही दिलेल्या तारखेवरून साधारण पाच आठवडे उरलेत, पण शेवटच्या दिवसाची वाट बघू नका, पोर्टल नेमकं तेव्हाच रुसतं. विरोधाचा फॉर्म टीएम-ओ, ऑनलाइन भरला तर एका क्लासला 2700 रुपये सरकारी फी. आणि हो, तुम्ही लिहिलंय की "स्टेटसला ऑब्जेक्टेड दिसेपर्यंत थांबते", तर थांबू नका. ऑब्जेक्शन रजिस्ट्रीचा (ट्रेडमार्क नोंदवणाऱ्या सरकारी कार्यालयाचा) एक्झामिनर, म्हणजे अर्ज तपासणारा अधिकारी घेतो, ती पायरी मागे पडली म्हणून तर नाव जर्नलमध्ये आलं. तुम्ही घेणार ते ऑपोझिशन, म्हणजे विरोध, ते तुम्ही भरल्याशिवाय आपोआप काही होणार नाही.

विरोधाच्या नोटिशीत मुद्दे दोनच ठेवा. नाव फसवं वाटेल इतकं सारखं आहे, आणि कलम 11(3) खाली तुम्ही आधीपासून वापरताय त्यामुळे पासिंग ऑफ होतं, म्हणजे त्यांचा माल तुमचा म्हणून खपतो. पहिल्या मुद्द्यावर ते म्हणतील की 'वारा' आणि 'वाडा' वेगळे शब्द आहेत. असू देत. 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा'च्या केसमध्ये 1962 साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नावं शेजारी ठेवून तोडून बघायची नाहीत, साधारण बुद्धीच्या, नाव अर्धवट आठवणाऱ्या गिऱ्हाइकाचा गोंधळ होईल का ते बघायचं. त्याच केसचा दुसरा भाग मात्र लोक सांगत नाहीत: लक्ष्मणधारावाल्यांना उत्तर प्रदेशपुरतं रजिस्ट्रेशन मिळालंच, कारण अमृतधारावाले माहीत असून बरीच वर्षं गप्प बसले होते. म्हणून तुम्हाला हे नाव पहिल्यांदा कधी दिसलं ते खरं लिहून ठेवा, मला तरी खरं सांगा.

आता पुराव्याचं. 2018 ची पहिली बिलं, कुरिअरच्या पावत्या, लेबल छापून घेतल्याचं बिल, डोमेन घेतल्याची मेल, जीएसटी असेल तर रिटर्न, इन्स्टाग्रामवरची जुनी पोस्ट तारखेसकट. बिलावर ब्रँडचं नाव दिसतंय ना ते तपासा, बऱ्याच जणांच्या बिलावर मालकाचं नाव असतं आणि ब्रँड कुठेच नसतो, मग ते बिल धंद्याचा पुरावा होतं, नावाचा नाही! तसं असेल तर त्याच ऑर्डरचा पार्सलवरच्या लेबलचा फोटो किंवा गिऱ्हाइकाशी झालेलं चॅट जोडीला लावायचं. स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं सर्टिफिकेट लागतं, ते मी करून देईन.

हे सगळं आत्ताच गोळा करा असं म्हणतोय कारण पुढे एक खड्डा आहे. तुमची नोटीस मिळाल्यावर कंपनीला दोन महिन्यांत काउंटर स्टेटमेंट, म्हणजे लेखी उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर त्यांचा अर्ज सोडून दिला असं धरतात, आणि असं पुष्कळदा होतं बरं का. पण दिलं तर ते तुमच्या हातात पडल्यापासून दोन महिन्यांत तुमचं पुराव्याचं ॲफिडेव्हिट गेलं पाहिजे (किंवा आम्हाला वेगळा पुरावा द्यायचा नाही असं पत्र तरी), नाहीतर तुमचाच विरोध सोडला असं धरतात. काउंटर मेलवर येतं, स्पॅममध्ये जातं, आणि चांगल्या केसेस अशा मरतात. त्यानंतर त्यांचा पुरावा दोन महिने, तुमचं उत्तर एक महिना, मग सुनावणी, आणि सुनावणीला किती वेळ लागेल ते विचारू नका.

विरोध टाकताना त्याच आठवड्यात तुमच्या नावाचा स्वतःचा अर्जही टाका, 2018 पासूनच्या वापराच्या ॲफिडेव्हिटसकट. त्यांचा आधीचा अर्ज दाखवून एक्झामिनर तुम्हाला ऑब्जेक्शन काढेल, घाबरायचं नाही, ते येणारच आहे, उत्तरात चालू असलेला विरोध आणि तुमचा आधीचा वापर दाखवायचा.

नोटीस गेल्यावर कदाचित कंपनीचाच फोन येईल. त्यांनी नाव बदलायची किंवा क्लास 25 मधला अर्ज मागे घ्यायची तयारी दाखवली तर ऐका, पण फोनवर काही कबूल करू नका, जे ठरेल ते लेखी, आणि त्यांचं विथड्रॉवल रजिस्ट्रीत नोंदेपर्यंत आपला विरोध मागे घ्यायचा नाही.

शेवटचा प्रश्न, तोवर नाव वापरणं बंद करायचं का? उलट चालू ठेवा, खंड पडू देऊ नका. कलम 34 आधीपासून सलग वापरणाऱ्याला संरक्षण देतं, त्यांना रजिस्ट्रेशन मिळालं तरीही. फक्त नव्या लेबलवर डिझायनरने गोलातला आर (®, म्हणजे रजिस्टर्ड) टाकलाय तो छापायच्या आधी काढायला सांगा, रजिस्ट्रेशन नसताना तो लावता येत नाही, टीएम चालेल.